पुढची पाळी येण्याआधी

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत कामाला येणाऱ्या प्रत्येक बाईला, तिच्या घरातल्या माणसांना आणि तिच्या मालकाला ही विनंती आहे, आणि ती तातडीची आहे. पाळीच्या दिवसांत ओटीपोट, कंबर, मांड्या इतक्या दुखतात की मशीनवर बसवत नाही. गोळी घेतल्याशिवाय शिफ्ट निघत नाही. उलट्या होतात, घेरी येते, महिन्याला एखादा खाडा ठरलेलाच असतो. असं जिचं होतं तिने ते आता अंगावर काढू नये. पुढची पाळी येण्याआधी स्त्रीरोगतज्ज्ञाकडे जावं आणि स्पष्ट विचारावं, मला एंडोमेट्रिओसिस तर नाही ना?

नाव अवघड असलं तरी आजार समजायला अवघड नाही. गर्भपिशवीच्या आतल्या बाजूला एक अस्तर असतं. दर महिन्याला ते जाड होतं आणि गर्भ राहिला नाही की पाळीच्या रक्तावाटे बाहेर पडतं. काही बायकांच्या शरीरात या अस्तरासारख्याच पेशी पिशवीच्या बाहेर वाढतात. अंडाशयावर, बीजनलिकांवर, पोटाच्या आतल्या पडद्यावर, मूत्राशयावर, आतड्यावर, कुठेही. महिन्याच्या चक्रात त्याही सुजतात, त्यांतूनही रक्त सुटतं, पण त्या रक्ताला बाहेर पडायला वाट नसते. ते आतच राहतं, तिथे दाह होतो, व्रण पडतात आणि पुढे शेजारशेजारचे अवयव एकमेकांना चिकटतात. अंडाशयात असं जुनं रक्त साचून गाठ झाली की तिला चॉकलेट सिस्ट म्हणतात. सोनोग्राफीच्या कागदावर हे शब्द तुमच्यापैकी काहींनी पाहिलेही असतील आणि कागद घडी घालून पत्र्याच्या पेटीत ठेवून दिला असेल. तो आज बाहेर काढा.

हा आजार का होतो याचं पूर्ण उत्तर विज्ञानाकडे अजून नाही. अमेरिकेतल्या जॉन सॅम्पसन या डॉक्टरांनी १९२० च्या दशकात असं मांडलं की पाळीचं थोडं रक्त उलट दिशेने, नलिकांतून पोटात जातं आणि त्यातल्या पेशी तिथे रुजतात. पण रक्त असं उलटं जाणं बहुतेक बायकांत घडतं आणि आजार मात्र सगळ्यांना होत नाही. आई किंवा सख्ख्या बहिणीला असेल तर शक्यता वाढते, म्हणजे आनुवंशिकतेचा भाग आहे. एवढं मात्र नक्की की अस्वच्छतेने हा होत नाही, उष्ण खाल्ल्याने होत नाही, विटाळ नीट न पाळल्याने होत नाही आणि एकीपासून दुसरीला लागत नाही. कुणाच्या वागण्याचा यात काही दोष नाही. सासूबाईंनी हे वाक्य दोनदा वाचावं, अशी माझी हात जोडून विनंती आहे.

जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने पाळी येण्याच्या वयातल्या साधारण १० टक्के बायका-मुलींना हा आजार असतो, जगभर मिळून सुमारे १९ कोटींना. ज्या शेडमध्ये टॉवेलच्या कडा शिवायला पन्नास जणी बसतात, तिथे या सरासरीने चार-पाच जणी तरी असायला हव्यात. त्या आहेतच. फक्त त्यांच्या आजाराला कुणी आजार म्हटलेलं नाही. लक्षणं सुरू झाल्यापासून निदान होईपर्यंत सरासरी ४ ते १२ वर्षं निघून जातात, असंही हीच संघटना सांगते. श्रीमंत देश धरूनचा हा आकडा आहे.

आपल्याकडे ही वर्षं कशी जातात ते एमआयडीसीत राबणाऱ्या कुणालाही ठाऊक आहे. नीलमनगर, सुनीलनगर, विणकर वसाहत, कुंभारीचं विडी घरकुल इथून निघालेली बाई कांड्या भरते, टॉवेलला शिलाई मारते, चादरींच्या घड्या घालते, युनिफॉर्मला काजं-बटणं करते, नाहीतर घरीच हजार विड्यांचा हिशेब पुरा करते. मजुरी नगावर. बसलं नाही तर पैसा नाही. मग पाळीच्या पहिल्या दिवशी मेडिकलमधून गोळी येते, ती चहाबरोबर रिकाम्या पोटी जाते आणि काम सुरू होतं. दुपारी दुसरी गोळी. वर्षभराने एका गोळीने भागत नाही म्हणून दोन. सोबतच्या जणी म्हणतात, सगळ्यांनाच दुखतं गं. आई म्हणते, लग्न झालं की थांबेल. लग्नानंतर सासू म्हणते, एक बाळंतपण झालं की मोकळी होशील. सगळ्या प्रेमानेच बोलतात आणि त्या प्रेमात पाच-दहा वर्षं जातात. लग्न हा या आजारावर उपाय नाही. बाळंतपणही नाही. गरोदरपणात पाळी बंद असल्यामुळे काहींना काही महिने बरं वाटतं, पण पुढे दुखणं परत येऊ शकतं.

पाळीत थोडं दुखणं स्वाभाविक आहे, हे खरं. पहिला-दुसरा दिवस ओटीपोटात कळा येतात, शेक घेतला किंवा एखादी गोळी घेतली की त्या बसतात आणि बाई आपल्या कामाला लागते. ज्या दुखण्याने काम, शाळा किंवा झोप बंद पडते, जे दरवर्षी वाढत जातं, जे पाळी यायच्या आधीच सुरू होऊन पाळी संपल्यावरही मागे रेंगाळतं, ज्याला गोळी पुरत नाही, ते दुखणं तपासायचं असतं. हा फरक घरोघरी कळला तर अर्धं काम होईल.

दुसरी खूण अशी की हे दुखणं फक्त पोटातच राहत नाही. पाळीच्या दिवसांत शौचाला बसताना आत सुरी फिरल्यासारखी कळ येते. लघवी करताना दुखतं किंवा वारंवार जावं लागतं. पोट फुगतं, कधी जुलाब, कधी बद्धकोष्ठ. पायातून चमक उतरते. संबंधाच्या वेळी आत खोलवर दुखतं. ही शेवटची गोष्ट बाई नवऱ्याला सांगत नाही, डॉक्टरला सांगत नाही, बहिणीलाही सांगत नाही. ती फक्त टाळत राहते, मग घरात रुसवे-फुगवे होतात, कधी मारहाणही होते. नवऱ्यांनो, तिला खरोखर दुखतंय अशी शक्यता आहे. तिला दवाखान्यात न्या. याशिवाय सततचा थकवा. रक्तस्राव जास्त असेल तर अंगातलं रक्तही कमी होतं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांत रक्तक्षय आढळला होता. तेव्हा पाळीच्या दुखण्यासाठी जाल तेव्हा हिमोग्लोबिनही तपासून घ्या.

आता अडचण ही आहे की एमआयडीसीत कंबर कुणाची दुखत नाही? आठ-दहा तास शिलाई मशीनवर वाकून, नाहीतर मांडी घालून विड्या वळत बसलं की पाठ-कंबर धरणारच. त्यामुळे बाईला वाटतं कामामुळे दुखतंय, डॉक्टरांनाही तसंच वाटतं, आणि कंबरेचा मलम, कॅल्शियमच्या गोळ्या, पित्ताचं औषध असं सुरू राहतं. यातून वेगळं ओळखायचं तर तारीख लिहावी लागते. घरात दूधवाल्याचा हिशेब ज्या कॅलेंडरवर लिहिता त्याच कॅलेंडरवर लिहा. पाळी कधी आली, दुखणं किती (शून्य ते दहात), गोळ्या किती घेतल्या, शौचाला किंवा लघवीला दुखलं का, काम बुडलं का. दोन-तीन महिन्यांचं असं पान समोर ठेवलंत तर डॉक्टरांना पाच मिनिटांत जे कळेल ते नुसत्या ‘पोटात दुखतं’ या दोन शब्दांतून कधीच कळणार नाही. मात्र दुखणं आत्ताच असह्य असेल तर कॅलेंडर भरायची वाट बघू नका. आठवतं तेवढं कागदावर लिहा आणि जा. आजार जुना झाला की दुखणं महिनाभर कधीही उठतं, तारखेशी त्याचा मेळ दिसेनासा होतो. तेव्हा सुरुवातीला ते पाळीबरोबर यायचं, हे आठवून सांगा.

आयांना एक वेगळं सांगणं आहे. हा आजार तिशीत सुरू होतो असं नाही. आठवी-नववीतली मुलगी दर महिन्याला दोन दिवस शाळा बुडवते, अंथरुणात पोट धरून लोळते, ओकते, तर तिला नाटकी म्हणू नका. ‘लग्नाची मुलगी, स्त्रीरोगतज्ज्ञाकडे नेली तर लोक काय म्हणतील’ या भीतीपायी ती वर्षं फुकट जातात. अविवाहित मुलीची आतून तपासणी करावी लागत नाही. पोटावरून सोनोग्राफी होते, गरज पडली तर एमआरआय होतो, आणि पुष्कळदा नुसत्या लक्षणांवरूनही उपचार सुरू करता येतात. सरकारी दवाखान्यांत किशोरवयीन मुलामुलींसाठी मैत्री क्लिनिक असतात, तिथेही तिला घेऊन जाता येतं.

आणि आता ज्या भीतीमुळे हे आवाहन तातडीचं म्हटलं, तिच्याकडे येते. गोळ्या खाऊन खाऊन बाई थकली की आपल्या भागात तिला एकच पुढची पायरी माहीत असते. पिशवी काढून टाकणं. ‘मुलं झाली ना, मग काय करायचीय पिशवी?’ हे वाक्य बायकाच एकमेकींना सांगतात. २०१९ साली बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड मजूर स्त्रियांची बातमी देशभर गेली, तेव्हा या वाक्याचा शेवट कुठे होतो ते सगळ्यांनी पाहिलं. राज्य सरकारने डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. तपासणीत आलेल्या ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांपैकी १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली होती. दर सहा जणींमागे एक! त्यांत ऐन पस्तिशीच्या आतल्या बायका होत्या. पाळीत दुखतं, अंगावरून जातं, खाडा पडला की मुकादम पैसे कापतो, म्हणून पिशवीच नको. त्यांच्यापैकी कुणाला एंडोमेट्रिओसिस होता, कुणाला साधा जंतुसंसर्ग होता, कुणाला काहीच नव्हतं, हे आता कुणीही सांगू शकत नाही. कारण काढण्याआधी नीट विचारलं गेलं नाही.

उसाच्या फडातली मजुरी आणि शेडमधली नगावरची मजुरी यांत बाईच्या शरीराच्या दृष्टीने फार अंतर नाही. म्हणून नीट ऐका. एंडोमेट्रिओसिस हा मुळात पिशवीबाहेरचा आजार आहे. पिशवी काढली आणि आतड्यावर, पडद्यावर चिकटलेला आजार तसाच राहिला, तर दुखणंही राहू शकतं. पिशवीबरोबर दोन्ही अंडाशयही काढले तर तिशी-पस्तिशीत एकदम पाळी जाते. अंगाची लाही होते, झोप उडते, हाडं ठिसूळ होतात, हृदयविकाराचा धोका वाढतो. काही बायकांना ही शस्त्रक्रिया खरोखर लागते, ते नाकारण्यात अर्थ नाही. पण ती सगळे उपाय करून झाल्यावरची गोष्ट आहे. अनावश्यक शस्त्रक्रिया रोखण्याच्या मार्गदर्शक सूचना सगळ्या राज्यांनी अमलात आणाव्यात, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने ५ एप्रिल २०२३ रोजी दिला आहे. कुणी पहिल्याच भेटीत ‘काढून टाकू’ म्हणालं तर सही करू नका. कागद घ्या आणि दुसऱ्या डॉक्टरांना दाखवा. सिव्हिलमध्ये, म्हणजे छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालयात स्त्रीरोग विभाग आहे. कुंभारीला अश्विनी ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय एमआयडीसीपासून जवळ आहे. ईएसआयचं, म्हणजे कामगार विम्याचं कार्ड असेल तर ईएसआय रुग्णालयातून पुढे पाठवण्याची चिठ्ठी मागता येते. दुसरं मत घेतल्याने पहिल्या डॉक्टरांचा अपमान होत नाही.

गोळी आणि पिशवी काढणं, या दोन टोकांच्या मध्ये जी वाट आहे ती इथे कुणी दाखवत नाही. तीच आता सांगते.

निदानाची सुरुवात बोलण्यापासून होते. पाळी कधी सुरू झाली, दुखणं केव्हापासून, कुठे कुठे, घरात आणखी कुणाला, मूल राहण्यात अडचण आहे का, हे डॉक्टरांनी विचारायला हवं. त्यांनी विचारलं नाही तर तुम्ही सांगा. मग तपासणी आणि सोनोग्राफी. विवाहित स्त्रीत योनीमार्गातून केलेल्या सोनोग्राफीत जास्त दिसतं. तिला घाबरू नका. प्रोब बारीक असतो, स्वच्छ आवरण घालून वापरतात आणि सोबत बाई कर्मचारी असावी असं तुम्ही सांगू शकता. चॉकलेट सिस्ट सोनोग्राफीत बहुधा ओळखू येते. पिशवी आणि आतडं एकमेकांवर मोकळेपणाने सरकतात की चिकटलेत, हेही जाणकार डॉक्टरला त्यात दिसतं, पण त्यासाठी ते मुद्दाम पाहावं लागतं. म्हणून सोनोग्राफीच्या चिठ्ठीवर ‘एंडोमेट्रिओसिसची शंका’ असं लिहून द्यायला सांगा. नुसतं ‘पोटदुखी’ लिहिलं तर पाहणाराही वरवर पाहून मोकळा होतो.

यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट पुन्हा पुन्हा सांगावी लागते. सोनोग्राफी नॉर्मल आली म्हणजे आजार नाही असा अर्थ होत नाही. पोटाच्या पडद्यावरचे बारीक ठिपके सोनोग्राफीत दिसतच नाहीत. कित्येक बायकांची गाडी नेमकी इथे अडते. रिपोर्ट नॉर्मल, म्हणजे तुझ्या मनाचे खेळ! पूर्वी दुर्बिणीने पोटात पाहिल्याशिवाय निदान पक्कं मानत नसत. युरोपातल्या तज्ज्ञ संघटनेने २०२२ च्या मार्गदर्शनात हे बदललं. लक्षणं जुळत असतील तर दुर्बिणीची वाट न पाहता औषधं सुरू करता येतात. तपासणीत काही दिसत नाही आणि औषधानेही गुण येत नाही, तेव्हा दुर्बिणीचा विचार करायचा. सीए-१२५ नावाची रक्त तपासणी कुणी सुचवेल, पण या आजाराच्या निदानासाठी ती भरवशाची नाही, तिच्यावर पैसे घालवण्याआधी विचारून घ्या. आपल्या देशात ओटीपोटाचा क्षयही अशीच लक्षणं देतो, पिशवीतल्या फायब्रॉइडच्या गाठीही देतात, आणि हे अस्तर पिशवीच्या स्नायूतच शिरण्याचा अडेनोमायोसिस नावाचा जोडआजारही असतो. म्हणून तर मेडिकलवाल्याच्या सांगण्यावर न जाता तपासून घ्यायचं.

उपचारांचं थोडक्यात. हा आजार मुळापासून नाहीसा करणारं औषध अजून नाही, पण तो आटोक्यात ठेवणारी औषधं आहेत आणि बहुतेकींना त्यांनी पुष्कळ आराम पडतो. वेदनाशामक गोळी दुखणं शिगेला पोहोचल्यावर घेण्यापेक्षा सुरू होताहोता, जेवून, डॉक्टरांनी सांगितलेल्या मापात घ्यावी. पाळीत सर्रास घेतल्या जाणाऱ्या मेफेनॅमिक अ‍ॅसिडबद्दल भारतीय औषधकोश आयोगाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी सावधगिरीची सूचना काढली होती. क्वचित कुणाला त्याने ताप, पुरळ आणि आतल्या अवयवांवर परिणाम करणारी तीव्र रिअ‍ॅक्शन येते. गोळीनंतर अंगावर पुरळ उठलं तर ती थांबवून लगेच दाखवा. पुढची पायरी संप्रेरकांची. डायनोजेस्टसारखी औषधं, गर्भनिरोधक गोळ्या, पिशवीत बसवायची हार्मोनची कॉपर-टीसारखी वस्तू. ‘या गोळ्यांनी वांझपण येतं’ ही भीती खोटी आहे. औषध थांबवलं की पाळीचं चक्र परत सुरू होतं. मात्र रक्तदाब, अर्धशिशी, मिश्री-तंबाखू हे सगळं डॉक्टरांना आधी सांगा, कारण त्यावर कोणती गोळी चालेल ते ठरतं. औषधाने भागलं नाही किंवा आतडं, मूत्रवाहिनी आवळली जात असेल तर दुर्बिणीने शस्त्रक्रिया करून आजाराचे भाग काढतात. अंडाशयावरच्या प्रत्येक शस्त्रक्रियेत थोडा बीजसाठा कमी होऊ शकतो, म्हणून मूल हवं असेल तर तसं आधीच बोला.

मूल. वंध्यत्वाच्या तपासणीला येणाऱ्या स्त्रियांत हा आजार मोठ्या प्रमाणात सापडतो, आणि तरीही पुष्कळ जणींना आजार असून दिवस राहतात. लवकर ओळखला तर शक्यता राखता येते. मूल होत नाही म्हणून सुनेला माहेरी पाठवण्याआधी तिची तपासणी करा, आणि नवऱ्याचीही करा. त्याचं वीर्य तपासणं सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात सोपं आहे.

आता कारखानदारांशी बोलायचं आहे. सोलापूरची चादर आणि टेरी टॉवेल यांना भौगोलिक मानांकन आहे, आणि त्या मालाच्या घड्या बायकांच्या हातांनी पडतात. ईएसआयमध्ये महिना २१,००० रुपयांपर्यंत पगार असलेल्या कामगारांचा विमा असतो, आजारपणात रोजच्या मजुरीच्या सुमारे ७० टक्के भत्ता वर्षातून ९१ दिवसांपर्यंत मिळतो. पण नियम असा की आजारपणाचे पहिले दोन दिवस सहसा भत्त्यात धरत नाहीत. ज्या बाईला दर महिन्याला दीड-दोन दिवसच उठवत नाही, ती या जाळीतून नेमकी निसटते. तिच्यासाठी कायद्याआधी तुम्हीच काही करू शकता. महिन्यातून एक दिवस भरपगारी सुट्टी द्या. ते आज जमत नसेल तर निदान दवाखान्याच्या दिवशी अर्धा दिवस मजुरी कापू नका, पाठ टेकायला एक खोली ठेवा, पाण्याची आणि संडासाची सोय नीट ठेवा, सुपरवायझरला सांगून ठेवा की कारण विचारून बाईला चारचौघांत लाजवायचं नाही. अक्कलकोटच्या पुढे हद्द ओलांडली की कर्नाटक लागतं. तिथल्या मंत्रिमंडळाने ऑक्टोबर २०२५ मध्ये खासगी कारखान्यांसह सर्वत्र महिन्याला एक दिवस भरपगारी पाळीरजेचं धोरण मंजूर केलं. बिहारमध्ये सरकारी नोकरदार स्त्रियांना १९९२ पासून दोन दिवस मिळतात. हे अशक्य असतं तर तिथेही झालं नसतं. आणि ज्यांनी अजून बायकांची नावं ईएसआयमध्ये भरली नाहीत त्यांनी ती याच महिन्यात भरावीत. नावच नसेल तर तिला चिठ्ठी कोण देणार?

विडी कामगार स्त्रिया घरी बसून काम करतात, त्यांच्याकडे सुपरवायझरही नाही आणि शिफ्टही नाही, म्हणून त्यांचं दुखणं तर आणखीनच कुणाला दिसत नाही. विडी कामगारांसाठी सरकारचे कल्याण दवाखाने आहेत. तिथल्या डॉक्टरांनी पोटदुखीच्या प्रत्येक बाईला एवढं विचारावं, पाळीत दुखतं का, काम थांबतं का, शौचाला दुखतं का. युनियनच्या कार्यकर्त्यांनी मजुरीच्या आणि घरकुलांच्या सभेत दहा मिनिटं या विषयाला द्यावीत. सोलापूरच्या ज्या युनियनने या बायकांसाठी हजारो घरं उभी करून घेतली, तिला हे अवघड नाही. आशाताई, तुमच्या वहीत गरोदर बाई आणि लसीकरणाचं बाळ असतं, त्यात ही बाई पण बसवा. मेडिकल दुकानदारांनो, दर महिन्याला त्याच तारखांना तीच गोळी न्यायला येणारी मुलगी तुम्हाला चेहऱ्याने ओळखू येते. गोळी देताना ‘एकदा डॉक्टरला दाखव’ एवढं म्हणा.

शस्त्रक्रियेची वेळ आली तर खर्चाने घाबरून परत फिरू नका. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत तुमची शस्त्रक्रिया बसते का, हे रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारा. रेशनकार्ड आणि आधारकार्ड बरोबर ठेवा. जुने सगळे कागद, सोनोग्राफीच्या फिल्मसकट, एका पिशवीत ठेवा. मुंबईत परळला आयसीएमआरची राष्ट्रीय प्रजनन व बालस्वास्थ्य संशोधन संस्था आहे, तिथे डॉ. राहुल गजभिये यांच्या नेतृत्वाखाली भारतीय स्त्रियांमधल्या एंडोमेट्रिओसिसचा देशभरातल्या केंद्रांना जोडून अभ्यास हाती घेतला गेला. म्हणजे या दुखण्याकडे पाहणारी माणसं आपल्या राज्यातच आहेत. ऑस्ट्रेलियाने २०१८ मध्ये आणि फ्रान्सने २०२२ मध्ये या एका आजारासाठी राष्ट्रीय आराखडा केला. आपल्याला तशा आराखड्याची वाट पाहायची गरज नाही, ओपीडीचा केसपेपर आजही निघतो.

हे वाचणाऱ्याला मराठी येतं, पण शेजारच्या मशीनवरच्या मावशीला तेलुगू किंवा कन्नड सोपं जातं, कुणाला उर्दू. जेवणाच्या सुट्टीत त्यांना हे त्यांच्या भाषेत सांगा. लाज वाटत असेल तर फक्त लक्षणं सांगा, बाकी त्या ओळखतील.

आणि शेवटी, काही वेळा थांबायचंच नसतं. पोटात अचानक एका बाजूला जीवघेणी कळ उठली, घेरी येऊन पडायला झालं, दुखण्याबरोबर ताप आला, दिवस राहिल्याची शंका असताना पोटात दुखून अंगावरून जाऊ लागलं, तासाला पॅड किंवा कापड भिजून बदलावं लागू लागलं, तर ती पाळी समजून घरी बसू नका. गाठ फुटलेली किंवा पिळलेली असू शकते, गर्भ नळीत असू शकतो, आणि तेव्हा हातात तासच असतात. शिफ्ट सोडा, सुपरवायझरला सांगा, १०८ ला फोन लावा, सिव्हिल गाठा.